कुलूपअण्णा

"तुला गाठ मारता येती का?"

नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी कलबुर्गीहून इंजिनिअरिंग करून आलेली, पुस्तकं पाठ करून करून डोकं पिकलेली, आणि समोरचा माणूस टेबलाच्या खणातून सुताची दोरी काढून माझ्या पुढ्यात ठेवतोय! मला वाटलं, आपली चेष्टा चाललीय. पण त्यांचा चेहरा चेष्टेचा नव्हता. मग मीही चिंताकी गावची पोर, म्हशी बांधून हात तयार झालेले. खुर्चीच्या पायाला दोरी आवळली आणि म्हटलं, "घ्या."

त्यांनी गाठ ओढून बघितली. पुन्हा ओढली. "बरी हाय. आता ही पक्की हाय म्हून कुणी सांगायचं?"

"मी सांगते की. मीच मारलीय."

"हितंच चुकलीस माय," अण्णा म्हणाले आणि मला नोकरी दिली.

त्याचा अर्थ पुढं कळला. त्यांच्या निर्णा गावात हिरीत, म्हणजे विहिरीत, उतरायची एक रीत आहे. गाळ काढायला, अडकलेली मोटर सोडवायला जो उतरतो, त्यानं आपल्या कमरेची गाठ आपण बांधायची नाही. बांधणार दुसरा, आणि उतरणाऱ्यानं ती ओढून बघितल्याशिवाय काठ सोडायचा नाही. का, तर आपली गाठ आपल्याला नेहमी पक्कीच वाटते. या एका रितीवर अण्णांनी आमचं अख्खं सॉफ्टवेअर चालवलं. आणि त्याच रितीपायी ते आम्हाला सोडून गेले. वारले नाहीत हो, चांगले धडधाकट आहेत, निर्ण्यालाच असतात. पण आमच्या ऑफिसात त्यांची खुर्ची आहे आणि सर्व्हरवर त्यांचं नाव नाही. ते नाव माझ्या हातानं निघालं. मला त्यांना ठेवून घ्यायचं होतं, आणि ते जमलं नाही.

आमचं ऑफिस बिदरला, मैलुरात. खाली मोटारसायकलच्या पार्टचं दुकान, वर आम्ही. काम कसलं, तर किडनीच्या पेशंटांना डायलिसिसच्या वेळा देण्याचं. एका खासगी ट्रस्टची केंद्रं आहेत, बिदर, औराद, हुमनाबाद, कलबुर्गी अशी पसरलेली. ज्याच्या किडन्या गेल्या त्याला आठवड्यातून दोनदा-तीनदा मशीनवर रक्त धुऊन घ्यावं लागतं. कुठल्या केंद्रात, कधी यायचं, याचा मेसेज आमच्या सॉफ्टवेअरमधून पेशंटच्या फोनवर जातो. कुणाला कन्नडमध्ये, कुणाला मराठीत, कुणाला उर्दूत, औरादच्या पलीकडं कुणाला तेलुगूत. ज्याला वाचता येत नाही त्याला फोन वाजून आवाज ऐकू येतो. वेळ चुकली तर अंगात पाणी साठतं, धाप लागते, माणूस जातो. म्हणून आमच्याकडं चूक म्हणजे नुसती चूक नसते.

अण्णा समोर अण्णा आणि पाठीमागं कुलूपअण्णा. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. मुंबई-पुण्याचं नाही, हैदराबादचं वारं खाऊन आलेले. मोठ्या कंपनीत बरीच वर्षं काढली आणि बायकोला, आमच्या अक्कांना, तिथलं पाणी मानवेना म्हणून परत आले. बोलणं तीन भाषांत. शिकवायचं ते मराठीत, भांडायचं ते दखनी उर्दूत, आणि नकार द्यायचा तो फक्त कन्नडात. मालक काहीबाही मागायचे आणि अण्णा मान न उचलता म्हणायचे, "आगल्ल." होणार नाही, संपलं. मी एकदा विचारलं, नकाराला कन्नड कामून? तर म्हणाले, "मराठीत न्हाई म्हणलं की लोक घासाघीस करतेत."

घरीही तोच कायदा. अक्का कपाळाला हात लावून सांगायच्या, "ह्यांच्यासंगं संसार म्हंजे नुसती तपासणी बाई! मी गॅस बंद करायचा, ह्यांनी बघायचा. ह्यांनी कुलूप लावायचं, मी ओढायचं. एकदा मी माहेरी गेलते, तर ह्या माणसानं शेजारच्या चाचीला उठवून आणलं कुलूप ओढायला!" अण्णा ऐकून गालात हसायचे. पण चाचीनं ओढलं तेव्हा कडी निसटलीच होती, हेही अक्काच शेवटी कबूल करायच्या.

आता त्यांचं काम काय होतं, ते सोप्या भाषेत सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही. आमच्याकडं एक रेपो आहे. रेपो म्हणजे आमच्या सगळ्या सर्व्हरांचं लिहून ठेवलेलं संविधान समजा. कुठलं केंद्र चालू, कुठलं बंद, कुठं किती मशीनं, कुणाकडं कुठली किल्ली, म्हणजे आत शिरायचा पासवर्ड, सगळं त्यात लिहिलेलं. काही बदलायचं असेल तर सर्व्हरला हात लावायचा नाही. रेपोत बदल मागायचा. दुसऱ्यानं तो वाचायचा, पटला तर मंजूर करायचा, आणि का मंजूर केला ते आपल्या शब्दांत एक ओळ लिहायची. नुसतं 'ओके' लिहिलेलं अण्णा चालवून घेत नसत. "ओके तर पोपट बी म्हणतो," म्हणायचे. मंजूर झालं की मगच तो बदल आपोआप सर्व्हरवर जायचा.

आणि हे सगळं सांभाळायला त्यांनी एक प्रोग्राम बसवलेला, त्याचं नाव राखणदार. रेपोत लिहिलंय काय आणि सर्व्हरवर चाललंय काय, हे तो सारखा ताडून बघायचा. फरक दिसला की विचारपूस नाही, सर्व्हर परत लिहिल्याबरहुकूम करून मोकळा. चोरानं घुसून केलेला बदल असो नाहीतर मालकानं केलेला. एकट्या माणसाला तो थांबवताही यायचा नाही, त्यालाही दोघांची मंजुरी.

"आन् तुम्ही हातानं केला तर?" मी विचारलं होतं.

"मला बी चोरच धरील तो. धरायलाच पाहिजे."

लोक हसायचे. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू. एकदा मालकांनी हौसेनं स्वतः एक फाइल रेपोत टाकली आणि त्यात मेसेज पाठवायच्या सेवेचा पासवर्ड तसाच उघडा. पासवर्ड म्हणजे पोराचं नाव. अण्णांनी सगळं काम थांबवलं. मालक म्हणाले, "पुसून टाका ना अण्णा, एवढं काय त्यात!"

"पुसलं तरी मागलं पान राहतंय मालक. रेपो काहीच इसरत न्हाई. गावभर झालेली गोष्ट परत पोटात घेता येत न्हाई. कुलूपच बदलायचं." आणि अख्खा दिवस बसून त्यांनी एकूण एक कुलूप बदललं, मालकांच्या पोराचं नाव घेत आणि पुटपुटत.

अशीच गोष्ट आमच्या एका मैत्रिणीची. तिला हैदराबादला नोकरी लागली. निरोपाला केक आणला, सगळे गोळा झाले, आणि ती शेवटचं म्हणून काहीतरी उघडायला जाते तर तिची किल्लीच चालेना. अण्णांनी सकाळीच तिचं नाव काढायचा बदल मागून ठेवलेला आणि माझ्याकडून मंजूरही करून घेतलेला. ती रडायला लागली. "मी काय चोर हाव का अण्णा?"

अण्णा तिच्यासमोर खाली मान घालून उभे. "तू चोर न्हाईस माय. पण गेलेल्या माणसाची किल्ली आधी काढायची, हार मागून घालायचा. माणूस जातो, किल्ली मागं राहती. ती कुणाच्या हाती लागंल, कोण सांगावं?" औरादच्या केंद्रात तसं झालं होतं. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा पासवर्ड तसाच चालू राहिला, कुणीतरी तो वापरून बसलं आणि सगळी केंद्रं बंद असल्याचं बटण दाबून टाकलं. तेव्हापासून अण्णांनी ती बटणंच काढली. केंद्र उघडणं-मिटणंसुद्धा रेपोतून, दोघांच्या मंजुरीनं. मग त्यांनी त्या पोरीच्या हातात अक्कांनी दिलेला बिदरीचा करंडा ठेवला. ती रडता रडता हसली.

ती गेली आणि मंजुरी देणारे आम्ही दोघंच उरलो. अण्णांनी बदल मागायचा, मी मंजूर करायचा. मी मागायचा, अण्णांनी करायचा. अण्णा मालकांच्या मागं लागलेले, तिसरा माणूस द्या. मालक मनानं वाईट नाहीत, पण त्यांचं उत्तर ठरलेलं, "बगू की अण्णा, फुडल्या महिन्यात."

तिसरा माणूस नसल्यामुळं माझी सुट्टी म्हणजे नावाला सुट्टी. मी चिंताकीला जेवायला बसलेय आणि अण्णांचा फोन, "एवढं जरा बग की माय." एकदा माझ्या आईनं तो फोन माझ्या हातातून ओढून घेतला. आई माझी तोंडाची फटकळ, कुणाचा मुलाहिजा ठेवणार नाही. "ओ साहेब! पोरीला जेवू द्या की जरा. का घास गिळायला बी तुमची मंजुरी लागती?" मग अण्णा हळूच म्हणाले, "चुकलं ताई. जेवू द्या तिला." आम्ही सगळे पोट धरून हसलो. अण्णा मात्र आईला जे भ्याले ते भ्याले. मी सुट्टी मागितली की आधी विचारायचे, "आई हाय का घरी?"

त्यांची आणखी एक शिकवण सांगायची राहिली, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. वेळ बदलली की नवा मेसेज जायचा, आणि म्हातारीकोतारी माणसं गोंधळायची. आधीचा खरा की नंतरचा? कुणी दोन्ही वेळांना यायचे, कुणी एकालाही नाही. मग अण्णा स्वतः केंद्राकेंद्रांत फिरले. मशीनला जोडलेल्या माणसांच्या पायथ्याशी उभं राहून सांगायचे, कन्नडात, मराठीत, दखनीत, औरादला मोडक्यातोडक्या तेलुगूत, "शेवटी आलेला मेसेज खरा. आधीचे इसरायचे." इतकं सांगितलं, इतकं सांगितलं, की पुढं पुढं पेशंट त्यांना बघितलं की नमस्काराऐवजी तेच म्हणायचे, "अण्णा, शेवटी आलेला खरा!" आणि अण्णा खूष. पोराचा पाढा पाठ झाल्यावर मास्तर खूष व्हावा तसे.

ती माणसं अण्णांचं ऐकायची हो. देवाधर्माचं ऐकायची नाहीत, डॉक्टरचं ऐकायची नाहीत, पथ्य तर कुणीच पाळायचं नाही. पण हे एक ऐकायची. तेच घात करून गेलं.

माझ्या भावाचं लग्न होतं. चिंताकीला विहारासमोर मांडव. त्या दिवशी सकाळी हुमनाबादच्या केंद्रातून अण्णांना फोन आला, पाणी शुद्ध करायचं मशीन बंद पडलंय, आज एकही पेशंट घेता येणार नाही. दुपारी येणारे पेशंट थोड्या वेळात घरातून निघणार होते. त्यांना बिदरला वळवायचं म्हणजे रेपोत दोन ओळींचा बदल. अण्णांनी तो लिहिला. मंजूर करणारी मी, आणि मी मांडवात.

सर्व्हरची एक मूळ किल्ली होतीच. सगळं कोसळलं तर नव्यानं उभं करता यावं म्हणून ठेवलेली. ती अण्णांकडं असायची, आणि वापरायची नाही म्हणूनच त्यांच्याकडं असायची. त्या दिवशी त्यांनी ती वापरली. सर्व्हरवर स्वतः हातानं लिहिलं, हुमनाबाद बंद, पेशंट बिदरला. लगोलग मेसेज गेले, आज बिदरला या. राखणदार आपला बदल मागं नेणार, हे त्यांना ठाऊक होतं; त्यांनीच तर तो बसवला होता. त्यांचा हिशेब एवढाच की मेसेज तर गेले, आता मागं नेलं तर नेलं. आणि ते बिदरच्या केंद्राला फोन लावून जादा मशीनं मोकळी करून घ्यायला बसले.

एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. बदल झाला की मेसेज जातो, तसा बदल मागं गेला तरी मेसेज जातोच. सॉफ्टवेअरला काय, वेळ बदलली एवढंच कळतं. राखणदारानं फरक बघितला, सगळं होतं तसं केलं, आणि त्याच माणसांच्या फोनवर दुसरा मेसेज गेला, आज नेहमीच्या वेळी हुमनाबादला या.

आणि शेवटी आलेला खरा.

अण्णांना हे कळलं. परत हातानं बदलावं तर राखणदार परत फिरवणार, परत मेसेज, गोंधळात गोंधळ. आता मंजुरी घेऊन तिसरा मेसेज धाडावा, तर माणसं वाटेला लागलेली. एकेकाला फोन लावत सुटले. काहींना गाठलं, ते बिदरला पोचले. काहींचे फोन लागेनात, काही बसमध्ये. मग मालकांची जीप काढून ते स्वतः हुमनाबादला पळाले. तिथं बंद शटरसमोर पाचसहा माणसं पायरीवर बसलेली. अण्णांना बघून त्यांना बरंच वाटलं, आता अण्णा आले म्हणून. त्यांना जीपमध्ये घालून बिदरला आणलं. बाकीचे निभावले. एक निर्ण्याचे आजोबा होते, अण्णांच्या गल्लीतलेच. त्यांना वाटेतच धाप लागली. बिदरहून पुढं कलबुर्गीला न्यावं लागलं आणि तिथं ते बरेच दिवस पडून राहिले. वाचले. पण नंतर पहिल्यासारखे चालले नाहीत, काठी धरूनच.

मी आणि अण्णा त्यांना बघायला गेलो होतो. अण्णा खाटेजवळ उभे. आजोबांनीच त्यांचा हात धरला. "तू सांगितलं तसंच केलं बाबा. शेवटी आलेला खरा धर म्हणलास. धरला बग."

त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. परतीच्या बसमध्ये अण्णा बिदर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

ट्रस्टनं खुलासा मागितला. मालक म्हणाले, "जाने दो ना अण्णा. राखणदार बिघडला म्हून लिहू. मशीन हाय, बिघडतंय. कौन देखरा?"

अण्णा म्हणाले, "आगल्ल. राखणदारानं त्याचं काम केलं. मी माझं केलं न्हाई." आणि खुलासा स्वतः लिहिला, स्वतःच्या नावानं, एकही गोष्ट न लपवता. ट्रस्टनं वाचला आणि चक्क समजून घेतलं. ठेवा म्हणाले त्यांना, असा माणूस मिळायचा नाही. मालकही तेच म्हणाले. त्यांना कुणी काढलं नाही, हे मला सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटतं. त्यांना त्यांनीच काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅपटॉप उघडला तर माझ्यापुढं एक बदल मंजुरीसाठी आलेला. किल्ली असलेल्यांतून अण्णांचं नाव काढा. कारणाच्या जागी लिहिलेलं, 'या माणसानं हातानं बदल केला.' मी वळून बघितलं तर खुर्ची रिकामी. किल्ल्यांचा जुडगा टेबलावर. अक्कांना घेऊन ते निर्ण्याला गेले होते.

आता गंमत बघा. आपली गाठ आपण बांधायची नाही, तशी सोडायचीही नाही. अण्णांना स्वतःचं नाव स्वतः काढता येत नव्हतं. ते काढायचं तर मीच. मी ठरवलं, करणारच नाही. मंजुरीच नसेल तर गेलेले कसे? मग मालकांनी, काय सांगू तुम्हाला, तिसरा माणूस नेमला! अण्णा होते तोवर पुढला महिना कधी उजाडला नाही, आणि ते गेल्यावर लगेच. तो भला माणूस मला विचारायचा, "ताई, ही जुनी मागणी पडून हाय, बघू का?" मी त्याच्यावर खेकसायचे, "तिला हात लावू नको."

पण मनात कळत होतं. निर्ण्यात अण्णांचा जुना लॅपटॉप पडलेला, त्यात चालू किल्ली. माणूस जातो, किल्ली मागं राहते. त्यांनीच शिकवलेलं मला त्यांच्याबाबतीतच मोडायचं होतं. शेवटी एका रविवारी बसनं निर्ण्याला गेले. म्हटलं, समजूत काढू आणि घेऊन येऊ.

अण्णा रानात होते. हिरीतली मोटर काढायचं चाललं होतं. गडी उतरायच्या तयारीत काठावर, आणि अण्णा त्याच्या कमरेला दोर बांधतायत. मला बघून राम राम नाही, ख्यालीखुशाली नाही. "आलीस? बरं झालं. ही ओढून बग." गड्यानं तर ओढलीच होती, तरी मी ओढली. पक्की होती. गडी खाली उतरला तेव्हा कुठं त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. वाळले होते. गळ्याचं बटण उघडं होतं, ते मी पहिल्यांदाच बघत होते.

"मंजूर केलं न्हाईस अजून," ते म्हणाले.

"करणार बी न्हाई. तुम्ही गेलाव कुठं? रुसलाव नुसते. चला माघारी."

"रुसलो न्हाई माय."

"मंग कामून बसलाव हितं? आजोबा वाचले. ट्रस्ट म्हणतंय या. मालक म्हणतेत या. सगळे म्हणायलेत चूक कुणाकडून बी होती." माझा आवाज चढला होता. "आन् एक सांगा मला. त्या दिवशी मला एक फोन कामून केला न्हाई? भाजीत मीठ कमी पडलं तरी मला फोन करणारे तुम्ही! मी मांडवात फोन हातातच धरून बसले होते हो, भावाचे फोटो काढत. दोन मिनिटांचं काम होतं. हितून तिकडं बोट लावायचं होतं मला."

अण्णा हिरीत बघतच म्हणाले, "लावणार होतो. तुझ्या नावावर बोट ठिवलं होतं. मंग म्हणलं, भावाचं लगीन हाय पोरीचं. एक दिवस तरी जेवू द्यावं तिला सुखानं." थोडं हसले. "तुझी आई वरडली असती."

मला तिथंच रडू फुटलं. एवढा कुलुपांचा माणूस, उभा जन्म कुणावर फुकट विश्वास न टाकलेला, आणि एकदाच, एकाच दिवशी कुणाचं तरी मन राखावं म्हणून त्यानं आपली रीत बाजूला ठेवली. आणि ती माझ्या जेवणासाठी! आईला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ती चुलीपुढं बसूनच राहिली. "मी आपलं हसून बोलले होते गं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

"चला माघारी," मी पुन्हा म्हटलं. "आता तिसरा माणूस बी आलाय. तुम्ही पाहिजे आम्हाला, अण्णा. मला पाहिजे."

"आगल्ल," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत मला त्यांनी कधी कन्नडात नकार दिला नव्हता. मला चुकलीस म्हणायचे, परत लिही म्हणायचे, रागवायचेसुद्धा, पण मराठीत. घासाघिशीला जागा ठेवून. त्या दिवशी जागा ठेवली नाही.

"त्या माणसांनी माझा शब्द धरला होता," ते म्हणाले. "आता मी सांगायला गेलो, तर मला बघून ती काय म्हणतील? तू मंजूर कर. तू करंनास तर माझी रीत खोटी पडती. दुसरं काय हाय माझ्याजवळ?"

खालून गड्यानं हाक मारली आणि ते दोराकडं वळले. अक्कांनी ज्वारीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला, जेवल्याशिवाय सोडलं नाही. जाताना माझ्या हातात तुरीची पिशवी दिली. मी मालकांसाठी, आईसाठी, सगळ्यांसाठी तूर घेऊन आले. ज्यांना आणायला गेले होते ते आले नाहीत.

सोमवारी दुपारी मी ती मागणी उघडली. मंजूर करायचं तर आपल्या शब्दांत एक ओळ लिहायला पाहिजे. पोपटासारखं ओके चालत नाही. 'चांगला माणूस' लिहिलं, पुसलं. 'माझी इच्छा नाही' लिहिलं, तेही पुसलं, कारण इच्छा विचारलेलीच नव्हती. शेवटी लिहिलं, 'गाठ मी ओढून बघितली. पक्की आहे.' आणि मंजूर केलं.

राखणदारानं थोड्याच वेळात फरक बघितला आणि रेपोत लिहिल्याप्रमाणं सगळ्या सर्व्हरांवरून अण्णांचं नाव काढून टाकलं. त्यानं कुणालाच कधी वेगळी वागणूक दिली नाही. आणि बदल झाला की मेसेज जातो, तसा अण्णांच्या फोनवर गेला. त्याची नक्कल माझ्या समोर आली, 'आपली किल्ली बंद करण्यात आली आहे.' मराठीतून. त्यांनी आपली भाषा मराठी निवडली होती, हेही मला तेव्हाच कळलं.

मी तो मेसेज बघत बसले. कुठं तरी निर्ण्याच्या रानात त्यांच्या खिशात फोन वाजला असेल. काढून वाचला असेल. आणि माझ्या एकदम डोक्यात आलं, की आता त्यांच्यासाठी तोच खरा होणार. मी घाईघाईनं माझा फोन उचलला आणि माझ्या नंबरवरून लिहिलं, 'अण्णा, परत या.' पाठवून टाकलं. ह्याला कुणाची मंजुरी घेतली नाही.

त्यांनी वाचला. वाचल्याची खूण आली. उत्तर आलं नाही, अजून नाही.

आंबेडकर जयंतीला, नव्या वर्षाला मी सगळ्यांना मेसेज पाठवते. नावं सरकवता सरकवता अण्णांच्या नावावर बोट येतं. तब्येत विचारावी वाटते, आजोबांचं कसं चाललंय विचारावं वाटतं, आईनं तुमची आठवण काढली असं लिहावं वाटतं. पण बोट मागं घेते. त्यांना माझ्याकडून शेवटी आलेला मेसेज तोच राहायला पाहिजे.